'विकारविलसित'चे कर्ते : गोपाळ गणेश आगरकर



मागील घटकात आपण वसाहतोत्तर समीक्षेची भूमिका पाहिली. १८३५ मध्ये मेकॉलेने मांडलेल्या शिक्षणविषयक धोरणानंतर इंग्रजी साहित्य भारतातील शाळा-महाविद्यालयांत स्थिरावले आणि त्याबरोबर राज्यकर्त्यांच्या संस्कृतीचे श्रेष्ठत्वही मनांवर बिंबवले गेले, हा त्या भूमिकेचा गाभा. याचे उदाहरण म्हणून बहुतेक ग्रंथ 'टेम्पेस्ट'मधील कॅलिबनकडे वळतात. आपण तितके दूर जाण्याचे कारण नाही.

प्रस्तुत घटक मी धाड येथे बसून लिहीत आहे. बुलढाणा तालुक्यातील हे गाव मराठवाड्याच्या सीमेलगत आहे. १८५३ च्या तहाने वऱ्हाड प्रांत इंग्रजांच्या कारभाराखाली गेला आणि पलीकडचा मुलूख निजामाकडे राहिला. वऱ्हाडात इंग्रजी अंमलाबरोबर नव्या धर्तीच्या शाळा आल्या. त्यांपैकी अकोल्याच्या शाळेत शिकलेल्या एका विद्यार्थ्याचे चरित्र आपणांस येथे अभ्यासावयाचे आहे.

गोपाळ गणेश आगरकर यांचा जन्म १४ जुलै १८५६ रोजी कऱ्हाडजवळील टेंभू या गावी झाला. घरची स्थिती अत्यंत हलाखीची होती. शिक्षणासाठी कऱ्हाड, रत्नागिरी अशी वणवण करून, मध्यंतरी कचेरीत उमेदवारी करून ते अखेर आप्तांच्या आधाराने अकोल्यास आले आणि १८७५ मध्ये मॅट्रिक झाले. अकोल्यात त्यांना विष्णु मोरेश्वर महाजनी हे शिक्षक लाभले. पुढे याच महाजनींनी शेक्सपीअरच्या 'सिंबेलाइन'वरून 'तारा' (१८७९) आणि 'विंटर्स टेल'वरून 'मोहविलसित' (१८८१) ही नाटके रचली. गुरूचे 'मोहविलसित' आणि दोन वर्षांनी आलेले शिष्याचे 'विकारविलसित' ही शीर्षके शेजारी ठेवून पाहा. परक्या नाटकाला आपल्या भाषेत कोणत्या नावाने बोलवावे, याचा विचार करणारी ही दोन पिढ्यांची परंपरा आहे. मूळ नाटकाचे शीर्षक म्हणजे नायकाचे नाव. आगरकरांनी त्याऐवजी मनोविकारांचा खेळ शीर्षस्थानी आणला. 'विकार' ही संज्ञा आपल्याकडच्या मनोविचारातून आलेली आहे. डेन्मार्कच्या राजपुत्राला त्यांनी चंद्रसेन केले, ऑफिलियाला मलिका.

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात पदवी घेऊन आगरकरांनी पुढे एम. ए. केले. त्या काळी या पदवीवर सरकारी नोकरी आणि मोठे वेतन सहज मिळत असे. ते नाकारून त्यांनी न्यू इंग्लिश स्कूलमधील अल्प वेतन पत्करले. जानेवारी १८८१ मध्ये 'केसरी' सुरू झाला आणि आगरकर त्याचे पहिले संपादक झाले.

यानंतरचा प्रसंग आपल्या विषयाच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. कोल्हापूरचे तरुण छत्रपती चौथे शिवाजी यांना वेडे ठरविण्यात आले होते आणि राज्याचा कारभार दिवाण माधवराव बर्वे यांच्या हाती होता. महाराजांचा छळ होत असल्याचे लेख 'केसरी' व 'मराठा' या पत्रांत आले. बर्वे यांनी अब्रुनुकसानीचा दावा लावला. लेखांना आधारभूत असलेली पत्रे बनावट ठरली आणि जुलै १८८२ मध्ये आगरकर व टिळक यांना चार महिन्यांची शिक्षा झाली. ऑक्टोबरमध्ये ते सुटले. डोंगरीच्या तुरुंगातील १०१ दिवसांचा वृत्तान्त आगरकरांनी पुस्तकरूपाने लिहिला. लगेच पुढच्या वर्षी, १८८३ मध्ये, 'विकारविलसित' प्रसिद्ध झाले. त्याच वर्षाच्या २५ डिसेंबरला नगरच्या किल्ल्यात नजरकैदेत असलेल्या चौथ्या शिवाजींचा एका गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीत मृत्यू झाला.

वेडा म्हणविला जाणारा राजपुत्र, दुसऱ्याच्या हाती गेलेले राज्य, सर्वत्र पाळत. तत्कालीन मराठी वाचकाला चंद्रसेनाच्या कथेत कोल्हापूर दिसले असेल, असे मला वाटते. मात्र येथे सावध राहा. आगरकरांनी कोल्हापूर मनात धरूनच हे नाटक निवडले, असे उत्तरपत्रिकेत लिहाल तर त्याला पुरावा द्यावा लागेल. नाटकाच्या अर्थाला काळाने दिलेली जोड आणि लेखकाचा हेतू या दोन स्वतंत्र गोष्टी आहेत. वसाहतोत्तर वाचन पहिलीबद्दल बोलू शकते. दुसरीबद्दल घाईने बोलणारे समीक्षक पुष्कळ आहेत.

दुसरा पेच याहून गुंतागुंतीचा आहे. मूळ नाटकात पतीच्या मृत्यूनंतर लगेच दिराशी विवाह करणाऱ्या राणीवर पुत्राचा रोष आहे. इंग्लंडच्या प्रेक्षकाला खटकतो तो विवाहातील उतावळेपणा आणि दिराशी असलेले नाते. ज्या मराठी उच्चवर्णीय समाजात विधवेचा पुनर्विवाह हेच पाप मानले जात होते, तेथे हाच रोष पुनर्विवाहाविरुद्धचा पुरावा म्हणून ऐकू येणे शक्य होते. आणि भाषांतरकार तर विधवाविवाहाचे कट्टर समर्थक! शब्द तेच, पण भूमी बदलताच ते भाषांतरकाराच्याच मतांविरुद्ध उभे राहू शकतात. देवाधर्माविषयी निःशंकपणे प्रश्न विचारणाऱ्या या लेखकाने नाटकातील भूत मात्र जागेवरच ठेवले, हेही जाता जाता लक्षात घ्या.

समाजसुधारणा आधी की राजकीय स्वातंत्र्य आधी, या वादातून आगरकरांनी १८८७ मध्ये 'केसरी' सोडला आणि १८८८ मध्ये 'सुधारक' काढला. त्याच वर्षी त्यांचा 'वाक्यमीमांसा आणि वाक्याचे पृथक्करण' हा ग्रंथ आला. मराठी वाक्याची घडण तपासणाऱ्या या ग्रंथाकडे नाटकाच्या अभ्यासकांनी दुर्लक्ष केले आहे. भाषाविज्ञानाचा विद्यार्थी म्हणून मला ते अन्यायाचे वाटते. इंग्रजी वाक्य मराठीत उतरवताना घडण कोठे मोडते, याचा अनुभव घेतलेल्या माणसाचे ते पुस्तक आहे.

'सुधारक'मुळे सनातनी इतके संतापले की आगरकर जिवंत असतानाच त्यांची प्रेतयात्रा काढण्यात आली. १८९२ मध्ये ते फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य झाले. दम्याने शरीर पोखरले होते. १७ जून १८९५ रोजी, वयाच्या अवघ्या ३८ व्या वर्षी, त्यांचे निधन झाले. आपल्या अंत्यविधीचे पैसे त्यांनी आधीच बाजूला काढून ठेवले होते.

त्यांचा चंद्रसेन मात्र रंगभूमीवर राहिला. शाहूनगरवासी नाटक मंडळीचे गणपतराव जोशी यांनी ती भूमिका इतकी गाजवली की इंग्रजीचा गंधही नसलेल्या प्रेक्षकांना हॅम्लेट त्यांच्याच रूपाने माहीत झाला. गोविंद बल्लाळ देवल यांच्या 'झुंझारराव'कडे, म्हणजेच मराठीतील ऑथेल्लोकडे, वळण्यापूर्वी 'विकारविलसित'मधील राणीचे प्रवेश मिळवून वाचा आणि त्या काळच्या पुण्यात ते कोणाला कसे ऐकू आले असतील, हे आपल्या शब्दांत लिहून काढा.