गंजिफेचे राजेसाहेब

पत्त्यांच्या डावात मोठे पान लहान पानाला मारते, हा नियम प्रत्येक जण लहानपणीच शिकतो. मात्र तो उलटा करून खेळण्यात वेगळीच रंगत असते. यवतमाळपासून कोकणापर्यंत कोठेही पत्त्यांची बैठक जमली की तीन पत्तीचा विषय निघतोच, आणि तिच्या ‘मुफलिस’ या प्रकारात सर्वांत हलका हात जिंकतो. अमेरिकी पोकरमधील ‘रॅझ’ हा खेळही याच जातीचा आहे. त्यात प्रत्येकाला टप्प्याटप्प्याने सात पाने मिळतात. पहिली दोन आणि शेवटचे पान झाकलेले, मधली चार उघडी. सातांतील पाच पाने निवडून जो सर्वांत लहान हात जुळवील, त्याची बाजी. एक्का तेथे सर्वांत लहान मानतात आणि जोडी लागली तर ती नडते. एक्क्यापासून पंजीपर्यंतची पाच पाने हा सर्वोत्तम हात. समोरच्याची उघडी पाने लक्षात ठेवणे हेच या खेळाचे खरे कौशल्य होय.

लहान पानाचे हे माहात्म्य महाराष्ट्राला पोकरच्या कितीतरी आधीपासून परिचित होते. सावंतवाडीच्या गंजिफेत निम्म्या रंगांचा क्रम उलटा असतो. ही गंजिफा विस्मरणात जाण्याच्या बेतात असताना तिला पुन्हा उभे करण्याचे श्रेय सावंतवाडी संस्थानचे अधिपती शिवरामराजे भोसले आणि त्यांच्या पत्नी सत्त्वशीलादेवी यांच्याकडे जाते.

शिवरामराजे यांचा जन्म १९२७ चा. त्यांचे वडील पंचम खेमराज, म्हणजेच बापूसाहेब महाराज, प्रजाहितदक्ष राजे म्हणून ख्यातकीर्त होते. १९३७ मध्ये त्यांचे अकाली निधन झाले आणि लहानग्या शिवरामराजांच्या शिरी राजमुकुट आला. ते अल्पवयीन असल्याने कारभाराची धुरा मातोश्री पार्वतीदेवींनी सांभाळली. राजे वयात आले तेव्हा देश स्वतंत्र होत होता. १९४८ मध्ये संस्थान मुंबई राज्यात विलीन झाले. पत्त्यांच्या भाषेत सांगायचे, तर हातात राजाचे पान होते, पण डावच बदलला होता.

अशा प्रसंगी अनेक संस्थानिकांनी शहरांची वाट धरली. शिवरामराजे सावंतवाडीतच राहिले. १९६१ मध्ये वडिलांच्या नावाने श्री पंचम खेमराज महाविद्यालय सुरू झाले आणि दक्षिण कोकणातील मुलांना उच्च शिक्षण गावाजवळ मिळू लागले. लोकांनी राजेसाहेबांना एकाहून अधिक वेळा विधानसभेवर निवडून पाठविले. राजवाड्याबाहेर लोकांत वावरणारा राजा अशी त्यांची प्रतिमा होती. तरीही आज त्यांचे नाव महाराष्ट्राबाहेर घेतले जाते ते प्रामुख्याने गंजिफेमुळे.

गंजिफा हा खेळ मोगलांबरोबर भारतात रुजला. बाबराने १५२७ मध्ये गंजिफेची पाने भेट म्हणून पाठविल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे, तर अकबराच्या दरबारातील गंजिफेचे वर्णन ‘ऐन-ए-अकबरी’त येते. पुढे या परक्या खेळाने देशी रूप घेतले. सावंतवाडीच्या दशावतारी गंजिफेत मत्स्यापासून कल्कीपर्यंत दहा अवतारांचे दहा रंग असतात. प्रत्येक रंगात राजा, वजीर आणि एक ते दहा अशी बारा पाने, म्हणजे एकूण १२० पाने. ती सारी गोल आकाराची असतात.

हा डाव बहुधा तिघांत रंगतो आणि प्रत्येकाच्या वाट्याला ४० पाने येतात. दिवसा खेळ असेल तर रामाचा राजा ज्याच्याकडे आहे तो सुरुवात करतो. रात्री हा मान कृष्णाच्या राजाकडे जातो. प्रत्येक रंगात राजा सर्वांत थोर आणि त्याखालोखाल वजीर. पुढे मात्र वाट दुभंगते. निम्म्या रंगांत दहा, नऊ, आठ असा उतरता क्रम चालतो. उरलेल्या निम्म्यांत एक हे पान वजिरानंतर सर्वांत मोठे ठरते आणि दहा सर्वांत क्षुद्र. म्हणजे एका रंगात हात जिंकून देणारी दश्शी दुसऱ्या रंगात कुचकामी ठरते. हुकुमाचा रंग नसतो. कोणती पाने पडून गेली आणि कोणाकडे काय उरले, हे ज्याच्या ध्यानात राहील तोच अधिक हात जिंकतो. येथे नशिबापेक्षा स्मरणशक्तीची कसोटी अधिक लागते.

छापील विलायती पत्ते स्वस्तात मिळू लागले आणि हाताने रंगवलेल्या गंजिफेचे गिऱ्हाईक आटले. एका संचातील प्रत्येक पान चिंचोक्याच्या खळीने जाड करायचे, घोटून गुळगुळीत करायचे, रंगवायचे आणि लाखेने झळाळी द्यायची, असे हे दीर्घ काम. सावंतवाडीच्या चितारी कुटुंबांनी ते पिढ्यानपिढ्या केले. मात्र एकोणीसशे सत्तरच्या सुमारास ही कला जाणणारे मोजकेच वृद्ध कारागीर उरले होते. पुंडलिक चितारी हे त्यांपैकी एक. ते गेले असते तर विद्याही त्यांच्याबरोबर गेली असती.

राजेसाहेब आणि सत्त्वशीलादेवी यांनी त्यांना केवळ आश्रय दिला नाही. दोघांनी त्यांच्याकडून ही कला स्वतः शिकून घेतली. एकेकाळी ज्यांच्या पूर्वजांसाठी चितारी पाने रंगवीत, त्याच घराण्यातील राजा चिताऱ्यापुढे शिष्य म्हणून बसला. मानाची उतरंड येथे गंजिफेतल्याप्रमाणेच उलटी झाली, आणि त्यानेच डाव सावरला. राजवाड्यात लाखकामाचा उद्योग सुरू झाला, तरुणांना प्रशिक्षण मिळू लागले. जेथे पूर्वी दरबार भरत असे त्या दालनात रंगांच्या वाट्या आणि कुंचले घेऊन कारागीर बसू लागले. तयार संच देशोदेशीच्या संग्राहकांकडे पोहोचले.

१९९५ मध्ये शिवरामराजे यांचे निधन झाले. सत्त्वशीलादेवींनी पुढे दोन दशकांहून अधिक काळ, २०१८ मध्ये अखेरचा श्वास घेईपर्यंत, हे काम चालू ठेवले. २०२४ मध्ये सावंतवाडीच्या गंजिफेला भौगोलिक मानांकन लाभले, आणि जोडप्याच्या परिश्रमांवर एक प्रकारे राजमुद्रा उमटली.

तथापि या यशाला एक हुरहुर लावणारी कडाही आहे. पाने वाचली, पण खेळणारे फारसे वाचले नाहीत. संच विकत घेणारा तो चौकटीत बसवतो किंवा पेटीसह दिवाणखान्यात मांडतो. वाटून खेळायला बसणारे थोडे. चित्र हाताने शिकवता येते. डाव मात्र डाव मांडूनच शिकवावा लागतो. राजेसाहेबांनी निम्मे काम पूर्ण केले. उरलेले निम्मे करण्यासाठी राजवाडा लागत नाही. तीन माणसे, एक मोकळी दुपार आणि रामाचा राजा कोणाकडे आला हे विचारण्याची उत्सुकता एवढे पुरेसे आहे.