विश्लेषण : पडद्यावरचा उपहास टिकतो कशामुळे? ‘ब्रह्मचारी’ आणि मास्टर विनायक यांची गोष्ट

आवडत्या उपहासपटांची यादी करायला बसले की मराठी प्रेक्षक ‘सामना’ आणि ‘सिंहासन’पासून सुरुवात करतो. मग ‘जाने भी दो यारों’ येतो, अलीकडचा ‘वळू’ येतो. या वाटेवर बरेच आधी चालून गेलेल्या एका माणसाचे नाव मात्र अनेकदा राहून जाते. ते म्हणजे मास्टर विनायक. स्वातंत्र्याच्या नऊ वर्षे आधी त्यांनी देशभक्ती, व्यायाम आणि ब्रह्मचर्य यांच्या नावाने चाललेल्या ढोंगावर सिनेमा काढला आणि लोकांनी तो डोक्यावर घेतला. हे त्यांना कसे जमले आणि पुढे ते हातातून का निसटले, याचा हा आढावा.

कोण होते मास्टर विनायक?

पूर्ण नाव विनायक दामोदर कर्नाटकी. जन्म १९ जानेवारी १९०६, कोल्हापूर. आजच्या वाचकाला त्यांची ओळख दोन नावांवरून पटकन पटेल. हिंदी चित्रपटांतील अभिनेत्री नंदा ही त्यांची मुलगी. आणि १९४२ मध्ये मास्टर दीनानाथ मंगेशकर गेल्यावर घराची जबाबदारी अंगावर आलेल्या किशोरवयीन लता मंगेशकर यांना चित्रपटांत काम मिळवून देण्यात विनायक यांचा मोठा वाटा होता.

मराठी बोलपटाची सुरुवात ज्या मंडळींनी केली, त्यांच्यातच विनायक वाढले. बाबूराव पेंढारकर, भालजी पेंढारकर आणि व्ही. शांताराम हे त्यांचे नातेवाईक. १९३२ मध्ये आलेल्या ‘प्रभात’च्या ‘अयोध्येचा राजा’मध्ये विनायक नारदाच्या भूमिकेत होते. पुढच्याच वर्षी ‘प्रभात’ने बिऱ्हाड पुण्याला हलवले, विनायक मात्र कोल्हापुरात राहिले. कोल्हापूर सिनेटोनसाठी त्यांनी १९३५ मध्ये ‘विलासी ईश्वर’ दिग्दर्शित केला. दिग्दर्शक म्हणून ही त्यांची सुरुवात.

‘हंस’ची जुळणी कशी झाली?

१९३६ मध्ये विनायक, बाबूराव पेंढारकर आणि छायालेखक पांडुरंग नाईक यांनी ‘हंस पिक्चर्स’ काढली. दिग्दर्शक, नट आणि कॅमेरामन हेच मालक असल्यामुळे विषय कोणता घ्यायचा, हे विचारायला बाहेर कोणाकडे जावे लागत नव्हते. उपहासपटासाठी ही गोष्ट फार महत्त्वाची असते. टिंगल कोणाची करायची हे पैसे लावणारा ठरवू लागला की पहिली कात्री तिथेच लागते.

‘हंस’चा पहिला चित्रपट ‘छाया’ वि. स. खांडेकर यांच्या कथेवरचा आणि गंभीर होता. उपहासाचे वळण आले ते आचार्य अत्रे यांच्यामुळे. सासवडकडचे अत्रे पेशाने शिक्षक. ‘झेंडूची फुले’ या विडंबन कवितांनी आणि ‘साष्टांग नमस्कार’ या नाटकाने त्यांचे नाव झाले होते. ‘साष्टांग नमस्कार’मध्ये त्यांनी सूर्यनमस्काराच्या अतिरेकी वेडाची खिल्ली उडवली होती. १९३७ मध्ये ‘धर्मवीर’ आणि ‘प्रेमवीर’ हे अत्रे-विनायक जोडीचे दोन चित्रपट आले. लिहिणारा अत्रे, दिग्दर्शन आणि अभिनय करणारा विनायक आणि हशा पिकवणारे दामूअण्णा मालवणकर अशी जोडणी पक्की झाली. पुढच्या वर्षी आला ‘ब्रह्मचारी’.

‘ब्रह्मचारी’मध्ये नेमके काय होते?

औदुंबर हा साधा तरुण. सिनेमातल्या नट्यांची चित्रे जमवणारा. एके दिवशी तो ब्रह्मचर्याची थोरवी सांगणारे भाषण ऐकतो आणि पेटून उठतो. चित्रे फेकून देतो, व्यायामाला लागतो, आश्रमासारख्या एका संस्थेत दाखल होतो. मग तिथे किशोरी येते. त्यानंतर औदुंबरच्या प्रतिज्ञेचे काय होते, हा सगळा सिनेमा.

कथा एका परिच्छेदात संपते, पण तिचा काळ लक्षात घ्यायला हवा. १९३७ मध्ये मुंबई इलाख्यात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले होते. स्वराज्य दृष्टीच्या टप्प्यात आल्यासारखे वाटत होते. तालीम, कवायत, शिस्त, त्याग आणि संयम हे शब्द गावोगावच्या व्यासपीठांवरून रोज ऐकू येत. अशा वेळी इंग्रजांची नव्हे, तर आपल्याच पुढाऱ्यांची आणि आपल्याच तरुणांची थट्टा करायची, हे सोपे नव्हते. परक्यावर हसायला सगळेच तयार असतात. विनायक-अत्रे यांनी निवडले ते घरातले लक्ष्य.

हसू कोणावर होते?

पेण-रोह्याच्या वाचकांना हा मुद्दा एका शेजारच्या उदाहरणावरून लगेच समजेल. पेण तालुक्यातील गागोदे हे विनोबा भावे यांचे जन्मगाव. त्यांचा जन्म ११ सप्टेंबर १८९५ चा. लहान वयातच त्यांनी ब्रह्मचर्य पाळायचे ठरवले, १९१६ मध्ये घर सोडले आणि शेवटपर्यंत तो निश्चय सांभाळला. ‘ब्रह्मचारी’ प्रदर्शित झाला त्याच १९३८ साली विनोबा पवनारला राहायला गेले. पुढे १९५१ पासून भूदानासाठी त्यांनी वर्षानुवर्षे देश पायी पालथा घातला.

मग ‘ब्रह्मचारी’ विनोबांसारख्यांवर होता का? नाही. विनोबांच्या व्रतामागे सूतकताई, अभ्यास आणि रोजचे कष्ट होते. औदुंबरच्या व्रतामागे एक भाषण होते. विनोबांना व्रत कोणाला दाखवायचे नव्हते, औदुंबरला ते दाखवण्यातच जास्त रस होता. सिनेमा हसतो तो या फरकावर. मूल्याची थट्टा न करता त्याचा मुखवटा घालणाऱ्याची थट्टा करणे, ही चांगल्या उपहासाची पहिली खूण. खरा व्रतस्थ माणूस असा सिनेमा पाहून दुखावत नाही. ज्याला आपला मुखवटा ओळखीचा वाटतो, तोच चिडतो.

दुसरी खूण म्हणजे विनायक यांनी औदुंबर स्वतः केला. ते देखणे नायक होते. हास्यास्पद होण्याचे काम एखाद्या विनोदी नटावर ढकलून स्वतः शहाणपणाची भूमिका घेणे त्यांना सहज शक्य होते. तसे न करता त्यांनी फजिती आपल्याकडे घेतली. त्यामुळे प्रेक्षकाला उपदेश ऐकल्यासारखे वाटत नाही. जगात त्याच सुमारास चार्ली चॅप्लिन हेच करत होता. १९३६ च्या ‘मॉडर्न टाइम्स’मध्ये यंत्राच्या दातांत सापडणारा कामगार तो स्वतःच आहे आणि १९४० च्या ‘द ग्रेट डिक्टेटर’मध्ये हुकूमशहाची मिशीही त्याच्याच ओठांवर आहे.

पोहण्याच्या पोशाखाची एवढी चर्चा का झाली?

‘ब्रह्मचारी’ म्हटले की आजही सर्वांत आधी आठवते ते मीनाक्षी शिरोडकर यांचे पाण्यातले गाणे. किशोरीच्या भूमिकेतील त्यांचा हा पहिलाच चित्रपट. गाणे त्यांनीच गायिले होते, संगीत दादा चांदेकर यांचे. पोहण्याच्या पोशाखातली मराठी नायिका हा त्या काळी मोठा धक्का होता. टीका झाली, तशी गर्दीही झाली. नम्रता आणि शिल्पा शिरोडकर या अभिनेत्री भगिनींच्या मीनाक्षी या आजी.

हे गाणे केवळ गल्ला भरण्यासाठी घातले, असा आक्षेप घेता येतो आणि त्यात तथ्यही आहे. पण कथेत त्याला जागा आहे. औदुंबरचा निश्चय किती कच्चा आहे हे दाखवायला त्याची परीक्षा घ्यावीच लागते. शिवाय त्याच्यासोबत थिएटरातल्या प्रत्येकाची परीक्षा होते. भाषणाला टाळ्या वाजवणारा आणि गाणे डोळे फाडून पाहणारा प्रेक्षक एकच असतो.

आज रोहा तालुक्यात कोलाडजवळ कुंडलिकेत राफ्टिंगसाठी शहरातून तरुण-तरुणी येतात. पोहण्याच्या कपड्यांचे कोणाला नवल राहिलेले नाही. म्हणजे ‘ब्रह्मचारी’मधला धक्का ओसरला. एका भाषणाने, किंवा आजच्या भाषेत एका व्हिडिओने, आयुष्य बदलल्याचे जाहीर करणारा औदुंबर मात्र अजून ओळखीचा आहे. पहाटे चारला उठण्याची प्रतिज्ञा करून ती स्टेटसला टाकणारे आपल्या संपर्कयादीत आहेतच. धक्का जुना होतो, स्वभावाचे निरीक्षण होत नाही. ही तिसरी खूण.

‘ब्रँडीची बाटली’ वेगळी कशी?

१९३९ मध्ये बाळासाहेब खेर यांच्या सरकारने मुंबई शहरात दारूबंदी लागू केली. ती १ ऑगस्टपासून अमलात आली. त्याच वर्षी विनायक-अत्रे यांचा ‘ब्रँडीची बाटली’ पडद्यावर आला. दामूअण्णा मालवणकर यात एका भोळ्या कारकुनाच्या भूमिकेत आहेत. आजारी माणसाला औषध म्हणून ब्रँडी हवी असते आणि ती आणायला निघालेल्या या सरळमार्गी गृहस्थाला ब्रँडी म्हणजे काय, ती मिळते कुठे, हेच ठाऊक नसते.

रचना बघा. दारू चांगली की वाईट, यावर सिनेमा वाद घालत बसत नाही. एका निरागस माणसाच्या हातात एक साधे काम देतो आणि त्याला गावभर फिरवतो. वाटेत भेटणाऱ्या प्रत्येकाचे खरे रूप आपोआप बाहेर येते. हीच युक्ती पुढे ‘वळू’मध्ये दिसते. एक मोकाट बैल पकडायचा, एवढेच काम, पण तेवढ्यात सगळे गाव उघडे पडते.

निशाणा कधी चुकला?

विनायक यांचे सगळेच नेम लागले असे नाही. १९४० च्या ‘अर्धांगी’मध्ये आधुनिक, शिकलेली स्त्री मोहाच्या रूपात येते आणि शेवटी घरातल्या पारंपरिक पत्नीचा विजय होतो. ‘ब्रह्मचारी’ने व्यासपीठावरच्या बड्यांना चिमटा काढला होता. इथे तो शिकून नुकत्याच घराबाहेर पडू लागलेल्या स्त्रीला बसला. त्या काळी मुलींच्या शिक्षणाला विरोध करणाऱ्या कोणालाही हा सिनेमा आपल्या बाजूचा वाटला असता. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला हसणे आणि जो आधीच टोमणे खातो आहे त्याला हसणे, यातला फरक इथे निसटला. हंस पिक्चर्सचा हा शेवटचा चित्रपट ठरला.

पुढे काय झाले?

‘हंस’नंतर ही मंडळी ‘नवयुग’ या नव्या कंपनीत गेली. तिथे विनायक यांनी १९४० मध्ये चिं. वि. जोशी यांच्या लेखनावर ‘लग्न पहावे करून’ केला. दामूअण्णा चिमणराव झाले, विष्णुपंत जोग गुंड्याभाऊ. पुढे दूरदर्शनवर दिलीप प्रभावळकर यांनी घरोघरी पोहोचवलेला चिमणराव याच्या कित्येक वर्षे आधी पडद्यावर येऊन गेला होता. मध्यमवर्गीय घरातल्या लग्नाच्या खटपटीवरचा हा विनोद सौम्य होता, पण नजर तीच होती.

नवयुगमध्ये मतभेद झाले आणि विनायक बाहेर पडले. १९४३ मध्ये त्यांनी स्वतःची ‘प्रफुल्ल पिक्चर्स’ काढली. पण काळ बदलला होता. दुसऱ्या महायुद्धामुळे कच्च्या फिल्मवर सरकारी नियंत्रण आले. फिल्म सरकारकडून मिळवायची आणि युद्धप्रयत्नाला पोषक चित्रपटही द्यायचे, अशा दिवसांत व्यवस्थेला चिमटे काढणे अवघड होते. ‘माझं बाळ’, ‘गजाभाऊ’, युद्धाच्या पार्श्वभूमीवरचा आणि नूरजहाँ यांची भूमिका असलेला ‘बडी माँ’, असे त्यांचे चित्रपट येत राहिले. त्यांत लता मंगेशकर छोट्या भूमिका करत होत्या. कंपनी कोल्हापूरहून मुंबईला आली आणि लताबाईंचा मुंबईतला प्रवासही इथूनच सुरू झाला. उपहास मात्र मागे पडला. त्याची जागा कौटुंबिक आणि आदर्शवादी कथांनी घेतली.

१९ ऑगस्ट १९४७ रोजी, स्वातंत्र्यानंतर अवघ्या चार दिवसांनी, विनायक गेले. वय ४१. हातातला ‘मंदिर’ हा चित्रपट अपुरा होता. तो दिनकर पाटील यांनी पूर्ण केला आणि १९४८ मध्ये तो प्रदर्शित झाला. छोट्या नंदाने त्यात काम केले होते. अत्रे यांनी पुढे ‘श्यामची आई’ काढला आणि राष्ट्रपतींचे पहिले सुवर्णपदक मिळवले, पण तो उपहासपट नव्हता. स्वतंत्र देशातल्या पुढाऱ्यांवर विनायक-अत्रे यांनी मिळून कसा सिनेमा काढला असता, हे पाहायचे राहूनच गेले. ते काम १९७० च्या दशकात विजय तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांच्या ‘सामना’ आणि ‘सिंहासन’ने केले. त्यांचा सूर मात्र कडवट होता.

आज उपहास कसा ओळखायचा?

मोबाइलवर रोज डझनभर विडंबनाच्या चित्रफिती येतात. त्यातली कुठली चांगली, हे ठरवायला विनायक यांच्या कामातून तीन प्रश्न मिळतात. हसू एखाद्या मूल्यावर आहे की त्याचे सोंग करणाऱ्यावर? करणारा स्वतःलाही त्या हसण्यात सामील करतो की केवळ इतरांना नावे ठेवतो? आणि ज्याला हसले जाते तो ताकदवान आहे की आधीच दबलेला?

तिन्हींची उत्तरे बरोबर आली तरी सिनेमा चालेलच याची हमी नाही. ‘ब्रह्मचारी’ चालला त्यात देखणा नायक, नवी नायिका, गाणी आणि दामूअण्णांचे भाबडे डोळे यांचाही वाटा होता. पण ऐंशीहून अधिक वर्षांनी त्याच्याबद्दल लिहावेसे वाटते ते औदुंबरमुळे. निवडणुकीच्या सभेत, व्यायामशाळेत, एखाद्या शिबिराच्या समारोपात हात वर करून शपथ घेणाऱ्यांत तो पहिल्या रांगेत असतो.