ब्लेझ पास्कल आणि सोडतीचें गणित

सोडतीचें तिकीट हातीं आलें कीं विद्यार्थी नशिबाचा हवाला देऊन मोकळे होतात. तें लागण्याचा संभव किती, हें अंकांत सांगतां येतें. हा मार्ग ज्यांनीं मोकळा केला, त्यांत फ्रान्समधील ब्लेझ पास्कल ह्याचें नांव अग्रभागीं आहे.

त्याचा जन्म १९ जून १६२३ रोजीं क्लेर्मों गांवीं झाला. तो तीन वर्षांचा असतांच मातृछत्र हरपलें. पिता एत्येन हा सरकारी अधिकारी असून चांगला गणिती होता. तरी मुलाचें भाषांचें अध्ययन आधीं पुरें व्हावें म्हणून त्यानें गणिताचीं पुस्तकें दूर ठेविलीं. (आम्हां शिक्षकांनीं विचार करावा अशीच ही गोष्ट आहे.) परिणाम उलट झाला. थोरल्या बहिणीनें लिहिलेल्या चरित्रावरून दिसतें कीं, बारा वर्षांच्या ह्या मुलानें फरशीवर कोळशानें आकृत्या काढून त्रिकोणाचे तीन कोन मिळून दोन काटकोन होतात, हें आपलें आपणच ताडलें. पुढें पित्याच्या करवसुलीच्या हिशेबाचे श्रम वांचावेत म्हणून १६४२ पासून खपून त्यानें बेरीज-वजाबाकीचें यंत्र तयार केलें.

१६५४ सालीं मेरे नांवाच्या एका उमरावानें त्यास एक जुना प्रश्न घातला. दोघे खेळाडू प्रत्येकीं ३२ मोहरा लावतात. जो प्रथम तीन डाव जिंकील त्यास सर्व ६४ मिळावयाच्या. एकाचे दोन व दुसऱ्याचा एक डाव झाला असतां खेळ मोडला, तर वांटणी कशी करावी? पूर्वींचे कांहीं पंडित झालेले डाव मोजून दोनास एक असें प्रमाण धरीत. पास्कलनें दृष्टि पुढें लावली. पुढील डाव पहिल्यानें जिंकला तर ६४ त्याच्या. हरला तर दोघे बरोबरीचे, म्हणून त्यास ३२. अर्थात् ३२ तर त्याच्याच झाल्या. उरलेल्या ३२ विषयीं दोघांचा संभव सारखा, म्हणून आणखी १६. पहिल्यास ४८, दुसऱ्यास १६. तुलूझ येथील फेर्मा ह्यानेंही निराळ्या वाटेनें हेंच उत्तर काढलें. ख्रिस्ती मनुष्यानें जुगाराचें गणित कां करावें, असें कोणी विचारील. परंतु खेळ मोडल्यावर कोणाचा हक्क बुडूं नये, हा प्रश्न मला तरी न्यायाचाच वाटतो.

आतां आपली सोडत घेऊं. १०० तिकिटें, प्रत्येकीं १० रुपये, आणि ६०० रुपयांचें एकच घड्याळ. पांच तिकिटें घेणाऱ्याचा संभव विसांत एक. त्याचा न्याय्य वांटा ३० रुपये. त्यानें दिले ५०. उरलेले २० दान समजून द्यावेत, लाभाच्या आशेनें देऊं नयेत. घड्याळें दोन असलीं तर संभव दुप्पट, म्हणजे दहांत एक, असें वाटेल, तें चूक. दोन्ही न लागण्याचा संभव आधीं काढावा: शंभरांत ९५ गुणिलें नव्याण्णवांत ९४, म्हणजे ९,९०० त ८,९३०. म्हणून निदान एक लागण्याचा संभव ९,९०० त ९७०, दहांत एकाहून किंचित् कमी. कारण दोन्ही घड्याळें एकासच लागण्याचा प्रसंग दुप्पट करतांना दोनदां मोजला जातो.

त्याच वर्षीं २३ नोव्हेंबरच्या रात्रीं त्यास ईश्वराचा जो अनुभव आला, तो त्यानें लिहून अंगरख्याच्या अस्तरांत शिवून ठेविला. मृत्यूनंतर तो कागद सांपडला. देवावर विश्वास ठेवण्यांत लाभ किती व हानि किती, ह्याचाही हिशेब त्याच्या टिपणांत आहे. तीं टिपणें १६७० त छापून निघालीं. हा युक्तिवाद चतुर खरा, पण विश्वास हें तिकीट नव्हे, असें माझें मत आहे.

त्याच्या विश्वासाची ओळख मला दुसरीकडे पटते. १६६२ सालीं त्यानें एका गरीब कुटुंबास आपल्या घरीं आश्रय दिला होता. त्यांतील एका मुलास देवी आल्या. पास्कल स्वतः आजारी होता आणि बहिणीस आपल्या मुलांबद्दल धास्ती वाटत होती. त्या आजारी मुलास हलविणें धोक्याचें, आपणांस हलविण्यांत धोका कमी, असें ठरवून त्यानें स्वतःचेंच घर सोडलें व तो बहिणीकडे राहावयास गेला. १९ ऑगस्ट रोजीं, वयाच्या ३९ व्या वर्षीं, तेथेंच त्याचा अंत झाला.