डॉ. बाबासाहेब आंबेडकर आणि शासकीय आदेश

भीमराव रामजी ऊर्फ बाबासाहेब आंबेडकर (१४ एप्रिल १८९१ – ६ डिसेंबर १९५६) हे विधिज्ञ, अर्थशास्त्रज्ञ, समाजसुधारक आणि स्वतंत्र भारताचे पहिले कायदेमंत्री होते. नवा कायदा न करता शासन केवळ आदेशाने धोरण कसे बदलू शकते आणि असा आदेश कुठे अडतो, या दोन्हींचा त्यांना प्रत्यक्ष अनुभव होता.

बोले ठराव आणि महाड

सार्वजनिक पाणवठे, धर्मशाळा व शाळा अस्पृश्यांना खुल्या कराव्यात, हा सीताराम केशव बोले यांचा ठराव मुंबई कायदेमंडळाने ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत केला. ११ सप्टेंबर रोजी सरकारने खातेप्रमुखांना त्याच्या अंमलबजावणीचे आदेश दिले. महाड नगरपालिकेनेही १९२४ मध्ये आपले तळे खुले केले; मात्र सवर्णांच्या विरोधामुळे हा हक्क कागदावरच राहिला. तो बजावण्यासाठी आंबेडकरांनी २० मार्च १९२७ रोजी चवदार तळ्याचा सत्याग्रह केला. न्यायालयीन वादाचा अंतिम निकाल १९३७ मध्ये अस्पृश्यांच्या बाजूने लागला.

खानदेशातील अनुभव

अस्पृश्य व आदिवासी यांच्या स्थितीच्या चौकशीसाठी मुंबई सरकारने १९२८ मध्ये स्टार्ट समिती नेमली. आंबेडकर तिचे सदस्य होते. १९२९ मध्ये धुळ्याहून परतताना ते चाळीसगावला (आता जळगाव जिल्हा) उतरले. ते अस्पृश्य असल्यामुळे एकही टांगेवाला त्यांना नेण्यास तयार होईना. अखेर वस्तीतील माणसांनी टांगा भाड्याने घेऊन स्वतः हाकला. हाकणाऱ्यास सवय नसल्याने पुलावर अपघात झाला आणि आंबेडकरांच्या पायाचे हाड मोडले. सरकारी समितीचे सदस्यत्वही त्यांना रस्त्यावरील अस्पृश्यतेपासून वाचवू शकले नाही.

मजूरमंत्री

जुलै १९४२ मध्ये आंबेडकर व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री झाले. केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खातेही त्यांच्या अखत्यारीत होते. ऑक्टोबर १९४२ मध्ये त्यांनी व्हाइसरॉय लिनलिथगो यांना निवेदन सादर केले. त्यात सरकारी नोकऱ्या व शिक्षणाबरोबरच बांधकामाच्या सरकारी ठेक्यांतही अस्पृश्यांना वाटा मिळावा, अशी मागणी होती. ठेके सरकारी तिजोरीतून दिले जात असल्याने त्यांचे वाटप हा सामाजिक न्यायाचाही प्रश्न ठरत होता. ऑगस्ट १९४३ मध्ये सरकारने आदेश काढून केंद्रीय सेवांत अनुसूचित जातींसाठी ८⅓ टक्के जागा राखून ठेवल्या. हे प्रमाण १९४६ मध्ये १२½ टक्के झाले.

संविधान

शासकीय आदेश दुसऱ्या आदेशाने बदलता येतो. संविधानाने अस्पृश्यता नष्ट करून (कलम १७) आणि नोकऱ्यांतील आरक्षणास आधार देऊन (कलम १६) या धोरणांना अधिक भक्कम पाया दिला. कलम ३४१ नुसार अनुसूचित जातींची यादी राष्ट्रपती जाहीर करतात; पहिला आदेश १० ऑगस्ट १९५० रोजी निघाला. त्यानंतर त्या यादीत फेरबदल करण्याचा अधिकार मात्र केवळ संसदेला आहे.