बूट दुरुस्त करून घर चालवलं, स्वर्ग-नरकाचा नकाशा काढला आणि शेवटी स्वतःच्याच जगातून बाहेर फेकला गेला

'स्ट्रेंजर थिंग्ज' बघितली असेल तर तळघरात बसून फासे टाकणारी पोरं आठवत असतील. डेमोगॉर्गन हे नाव त्यांनी ज्या खेळातून उचललं, तो म्हणजे 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'. आणि या खेळातल्या दुसऱ्या लोकांमध्ये जायच्या वाटा आखल्या गॅरी गायगॅक्स नावाच्या माणसानं.

गॅरीचा जन्म २७ जुलै १९३८ चा, शिकागोतला. वडील स्वित्झर्लंडहून आलेले. गॅरी लहान असतानाच कुटुंब विस्कॉन्सिनमधल्या लेक जिनिव्हाला राहायला गेलं. त्यानं शाळा अर्धवट सोडली, पुढं विमा कंपनीत नोकरी धरली. १९७० मध्ये तीही गेली. घरात बायको आणि पाच पोरं. मग गडी तळघरात बूट दुरुस्त करायला बसला.

पण डोक्यात युद्धाचे खेळ होते. डेव्ह अर्नेसन या खेळाडूनं त्याला एक भन्नाट कल्पना दाखवली, प्रत्येकानं एकच पात्र घेऊन खेळायचं. दोघांनी मिळून नियम लिहिले. ते छापायला गॅरीनं मित्र डॉन के याच्यासोबत १९७३ मध्ये टीएसआर ही कंपनी काढली. जानेवारी १९७४ मध्ये पहिल्या १००० प्रती आल्या.

गॅरीच्या घरच्या खेळात ग्रेहॉक नावाचा किल्ला होता. त्याच्या तळाशी पोचणारा खेळाडू घसरगुंडीवरून थेट चीनमध्ये जाऊन पडायचा. पुढं एवढ्यावर भागेना. जुलै १९७७ मध्ये त्यानं 'द ड्रॅगन' मासिकात अस्तित्वाच्या वेगवेगळ्या पातळ्यांची मांडणी केली आणि १९७८ च्या 'प्लेयर्स हँडबुक'मध्ये तिचा नकाशाच दिला.

मध्ये आपलं जग. आतल्या बाजूला अग्नी, जल, वायू, पृथ्वी यांचे लोक. बाहेरच्या बाजूला नीती-अनीतीप्रमाणे वाटलेले स्वर्ग-नरक. त्यात ग्रीकांचा ऑलिम्पस होता आणि आपल्याकडचं निर्वाणही!

जायचं कसं? आत जायला इथीरियल मार्ग, बाहेर जायला अॅस्ट्रल. अॅस्ट्रल मंत्रानं गेलात तर शरीर मागं राहतं आणि चंदेरी दोरीनं तुम्ही त्याला जोडलेले असता. दोरी तुटली की खेळ खल्लास. 'प्लेन शिफ्ट' मंत्राला मात्र धातूची दुबेळकी कांडी लागते. एकमेकांचे हात धरले की अख्खी टोळी पलीकडे.

खेळ तुफान चालला, तशी भांडणंही आली. श्रेयावरून अर्नेसन कोर्टात गेला. १९८५ मध्ये भागीदारांनी आपले शेअर्स लॉरेन विल्यम्सला विकले आणि गॅरीची अध्यक्षपदावरून उचलबांगडी झाली. कोर्टातही तो हरला आणि १९८६ मध्ये बाहेर पडला. ग्रेहॉक कंपनीकडेच राहिलं. त्यानं नवा खेळ काढला, तर टीएसआरनं त्यावरही दावा ठोकला.

१९९७ मध्ये विझार्ड्स ऑफ द कोस्टनं टीएसआर विकत घेतली, गॅरीशी जुळवून घेतलं. तो पुन्हा 'ड्रॅगन' मासिकात लिहू लागला.

४ मार्च २००८ रोजी लेक जिनिव्हात तो गेला. पुढच्याच वर्षापासून त्याच गावात त्याच्या आठवणीत 'गॅरी कॉन' भरायला लागलं. तिथं लोक भाषणं ठोकत नाहीत. टेबलाभोवती बसतात, फासे टाकतात आणि त्यानं आखलेल्या वाटांनी दुसऱ्या जगात जाऊन येतात.