पाण्याचा जोर ओळखणारे विश्वेश्वरय्या

खोडरबर दोन बोटांत दाबा. तो चपटा होतो, सोडला की पुन्हा होता तसा. चिखलाचा गोळा दाबला तर दबलेलाच राहतो. आणि खडू वाकवायला जा, कटकन मोडतो! जोर लावला की वस्तूचा आकार बदलतो, पण प्रत्येकीची तऱ्हा निराळी. माती, दगड, लोखंड यांचे हे स्वभाव ज्यांना पक्के ठाऊक होते, अशा एका थोर इंजिनिअरांची ही माहिती आहे.

त्यांचे नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या. त्यांचा जन्म 15 सप्टेंबर 1861 रोजी, आताच्या कर्नाटकातल्या मुद्देनहळ्ळी गावी झाला. लहानपणीच वडील वारले. घरची गरिबी. बंगलोरला मुलांच्या शिकवण्या घेऊन ते शिकले. मग पुण्याच्या सायन्स कॉलेजात आले. तेच आताचं सीओईपी. 1883 साली परीक्षेत ते पहिले आले आणि पुढच्या वर्षी मुंबई सरकारच्या बांधकाम खात्यात नोकरीला लागले. नाशिक, धुळे, पुणे अशी कामे केली.

आता खडकवासल्याची गोष्ट. मुठा नदीवरचं हे दगडी धरण त्यांच्या आधीच बांधलेलं होतं. डब्याला वर एक आणि खाली एक भोक पाडून पाणी भरा, खालच्या भोकातून धार जोरात येते. म्हणजे पाणी जितकं खोल तितका त्याचा रेटा जास्त. म्हणून धरणाची भिंत पायाशी जाड असते. दगड दाबलेला सोसतो पण ओढलेला सोसत नाही, तो खडूचाच भाऊ!

पावसाळ्यात तळं भरलं की जादा पाणी सांडव्यावरून फुकट वाहून जाई. भिंत उंच करायची तर खर्च फार. विश्वेश्वरय्यांनी 1903 साली सांडव्यावर आपोआप उघडणारी दारे बसवली. साधारण 8 फूट जास्त पाणी साठू लागले. पाणी ठरलेल्या खुणेच्या वर गेलं की त्याच्याच जोराने दार उघडायचं, उतरलं की मिटायचं. माणूस लागतच नव्हता! मला तर हीच युक्ती सगळ्यात आवडली. पुढे अशी दारे ग्वाल्हेरकडेही बसवली. 1912 साली ते म्हैसूरचे दिवाण झाले. तिथे कृष्णराजसागर धरण झाले. 1955 साली त्यांना भारतरत्न मिळाले.

पालकांपैकी पुष्कळांनी घरी पानशेतच्या पुराची गोष्ट ऐकली असेल. पानशेतचं धरण मातीचं, नवंकोरं. त्यातून पाणी सोडायच्या बोगद्याच्या कमानीत लोखंडी सळया घातल्या नव्हत्या. कमान तडकली, वरची माती खचली. जवानांनी रात्रभर वाळूची पोती रचली. तरी 12 जुलै 1961 ला धरण फुटलं. तो लोंढा खडकवासल्यावर आला आणि ती दगडी भिंतही फुटली. भर दिवसा पुण्याच्या पेठांत पाणी शिरलं. माणसं गेली, हजारो घरं पडली.

तेव्हा विश्वेश्वरय्यांना शंभरावं वर्ष चालू होतं. 14 एप्रिल 1962 रोजी बंगलोरला ते वारले. खडकवासल्याची भिंत नंतर पुन्हा बांधली. पुण्याच्या नळांना आजही तिथून पाणी येतं.

इयत्ता चौथी