ग्रिफिथ इव्हान्स

ग्रिफिथ इव्हान्स (७ ऑगस्ट, १८३५ – ७ डिसेंबर, १९३५) हे वेल्समध्ये जन्मलेले पशुवैद्यक होते. घोडे व उंट यांना होणाऱ्या सर्रा या रोगाचे कारण त्यांनी १८८० साली भारतात शोधून काढले. सस्तन प्राण्यांत रोग उत्पन्न करणारा ट्रिपॅनोसोमा प्रथमच ओळखला गेला, तो या शोधामुळे.

पूर्वायुष्य

इव्हान्स यांनी लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजातून १८५५ मध्ये पशुवैद्यकाची पात्रता मिळवली व १८६० मध्ये ते रॉयल आर्टिलरीत रुजू झाले. माँट्रियालला नेमणूक असताना त्यांनी मॅकगिल विद्यापीठाची वैद्यकाची पदवीही घेतली (१८६४). यादवी युद्धाच्या काळात ते अमेरिकेत गेले व अब्राहम लिंकन यांना भेटले. १८७७ मध्ये त्यांची भारतात बदली झाली.

सर्रावरील संशोधन

पंजाबातील डेरा इस्माईल खान येथे (आता पाकिस्तानात) लष्करी घोडे व उंट सर्राने मरत होते. अधूनमधून चढणारा ताप, रक्तक्षय, पायांवर व पोटाखाली सूज आणि अखेर मृत्यू, असा या रोगाचा क्रम असे. आजारी जनावरांच्या रक्तात इव्हान्स यांना सूक्ष्मदर्शकाखाली वळवळणारे परजीवी दिसले. ते रक्त निरोगी घोड्यांना व कुत्र्यांना टोचताच त्यांनाही रोग जडला. स्थानिक लोक दोष देत ते माशीच्या चाव्याला, आणि पुढे घोडमाश्यांबाबतचा तो समज खरा ठरला.

लष्करातील वरिष्ठांना मात्र हा निष्कर्ष पटला नाही. टिमथी लुईस यांनी उंदरांच्या रक्तात तसेच जीव पाहिले होते व ते निरुपद्रवी मानले जात. वस्तुतः इव्हान्स यांचा पुरावा केवळ निरीक्षणाचा नसून प्रयोगाचा होता.

१८८५ मध्ये जॉन हेन्री स्टील यांनी ब्रह्मदेशातील खेचरांत आढळलेल्या त्याच परजीवीला इव्हान्स यांचे नाव दिले. हेच स्टील १८८६ मध्ये स्थापन झालेल्या मुंबई पशुवैद्यक महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य होत. ट्रिपॅनोसोमा इव्हान्साय हे आजचे नाव त्यातूनच आले. आजही रोगनिदानासाठी रक्ताचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली तपासतात. परजीवी रक्तात सदैव दिसत नसल्याने तपासणी पुनःपुन्हा करावी लागते. सुरामिन व क्विनापायरामिन ही औषधे वापरतात आणि प्रतिबंधाचा भर माश्यांपासून संरक्षणावर असतो.

उत्तरायुष्य

१८९० मध्ये निवृत्त होऊन इव्हान्स वेल्समधील बँगर येथे स्थायिक झाले व तेथील विद्यापीठ महाविद्यालयात पशुआरोग्यावर व्याख्याने देत राहिले. लिव्हरपूलच्या उष्णकटिबंधीय वैद्यक संस्थेने १९१७ मध्ये, म्हणजे शोधानंतर ३७ वर्षांनी, त्यांना मेरी किंग्जली पदक दिले. वयाची शंभर वर्षे पूर्ण झाल्यावर चार महिन्यांनी त्यांचे निधन झाले.